झिजलेल्या स्क्रूचा लेथ

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. जुना म्हणायला माझी हरकत नाही. चाळीस वर्षांच्या वर झाली मला, आणि वय लपवण्याएवढा मी हलका नाही. माझं वजन सातशे किलो आहे. पण भंगार म्हणालात, तर ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी लेथ पाहिलाही नसेल. लोखंडाचा दांडा माझ्या चकात, म्हणजे माझ्या जबड्यात, घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि धारदार टूल लावून हवा तेवढा सोलायचा, हे माझं काम. आमच्या भागातली जुनी माणसं मला खराद म्हणायची. पाण्याच्या पंपात, उसाच्या चरकात, ट्रकच्या चाकात, जिथं काही गोल फिरतं तिथं माझ्यासारख्या कुणाचा तरी हात लागलेला असतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतशाळेतला. तिथून ट्रकवर चढून मी उमरग्याला आलो. हमरस्त्याला लागून गुंडाप्पांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. गुंडाप्पा घरात कानडी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी बोलत आणि रागावले की दोन्ही भाषा एकत्र करत. त्यांनी मला उभं केलं, कपाळाला विभूती लावली आणि वीस वर्षांच्या एका पोराच्या हाती दिलं. त्याचं नाव कोंडीराम. लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातून तो कामाला आला होता.

कोंडीराम आणि मी बरोबरच शिकलो. पहिल्या वर्षी त्यानं माझी कितीतरी टुलं मोडली. पण त्याला कान होता. टूल नीट कापतंय की घासतंय, हे तो आवाजावरून ओळखायचा. पुढं पुढं तर सोलापूरकडून येणारे ट्रकवाले गाडी थांबवून सांगायचे की बुश फक्त कोंडीरामच्या हातचा पाहिजे. बुश म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती बसणारी नळी. ती नेमकी नसेल तर दांडा खडखडतो आणि अख्खं यंत्र वाया जातं.

मग त्र्याण्णव साल आलं आणि भूकंप झाला. कोंडीरामचं गाव पहाटेच्या एका मिनिटात खाली बसलं. त्याच्या घरातली चार माणसं गेली. दहा दिवसांनी तो वर्कशॉपात आला, माझा पट्टा चढवला आणि हातपंपाचे भाग बनवायला लागला. गावोगाव तात्पुरत्या पत्र्यांच्या वस्त्या उभ्या राहत होत्या, आणि तिथं सगळ्यांना आधी पाणी लागत होतं. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही. आयुष्यात मी बरंच काम केलं, पण कुणी विचारलं की तू काय केलंस, तर मी आधी हेच सांगतो.

दिवस पालटले. गुंडाप्पा गेले. त्यांचा मुलगा शिवकुमार शिकलेला, हुशार. त्यानं संगणकावर चालणारं नवं मशीन आणलं. बटणं दाबली की ते एकसारखे शंभर बुश काढायचं. मी त्याचा दुस्वास केला नाही. पण मला शेडच्या मागं लिंबाखाली नेऊन टाकलं आणि वर एक फाटकी ताडपत्री घातली, ते मला झोंबलं. सात पावसाळे मी तिथं काढले. माझ्या बेडवर, म्हणजे टूल ज्यावरून सरकतं त्या पाठीवर, गंजाचा थर चढला. एका कोंबडीनं माझ्या ट्रेमध्ये अंडी घातली.

तिथून मला सोडवलं ते नीरजा जोशींनी. त्या तुळजापूरच्या. कोंडीरामच्या गावात, म्हणजे भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावात, हायस्कुलात विज्ञान शिकवायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गाला विचारलं होतं की पुढं कोण व्हायचंय. अर्ध्या वर्गानं सांगितलं, पोलीस भरती. उरलेल्यांनी खाली पाहिलं. वर्गाच्या खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसत होत्या. तिथं काम करणारं कुणी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं, तर कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी शाळा सुटल्यावर साडेचार ते सहा असा वर्ग सुरू केला. पुण्याच्या एका संस्थेनं मोटारी, तारा, छोटे सेन्सर असलेली पेटी पाठवली. पोरं रमली. कुणी पाण्याच्या टाकीला घंटी लावली, कुणी पंखा बनवला. पण दोन महिन्यांत पेटीतले भाग मोडायला लागले आणि नवे बनवणारं कुणी नव्हतं. एव्हाना कोंडीराम काम सोडून गावी परतला होता. मोतीबिंदूनं त्याची दोन्ही डोळ्यांची नजर अंधुक झाली होती. तो एकदा खिडकीशी उभा राहून बघत होता. त्यानं बाईंना सांगितलं, "पेटीतलं मोडलं तर पेटीची वाट का बघायची? बनवायचं की. उमरग्यात माजा लेथ पडलाय."

शिवकुमारनं मला आढेवेढे न घेता देऊन टाकलं, कारण जागा मोकळी होत होती. आठ माणसांनी लोखंडी पाइपांवरून सरकवत मला टेम्पोत चढवलं. शाळेच्या मागच्या खोलीत कोंडीरामनं रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन महिनाभर माझा गंज उतरवला. शाळेत थ्री फेज वीज नव्हती, म्हणून त्यानं माझी मोटारही बदलली. एकच गोष्ट त्याला बदलता आली नाही. टूल पुढं-मागं नेणारा माझा आडवा स्क्रू झिजला होता. हँडल उलटं फिरवलं तर पहिला पाव फेरा टूल जागचं हलतच नसे. तसला स्क्रू आता कुठं मिळत नव्हता.

पोरं माझ्याभोवती जमली. मुलगे आधी धावले, आणि बरेचसे आठवड्याभरात कंटाळले. टिकल्या त्या पाचसहा मुली. त्यात दहावीतली शुभांगी सगळ्यांत पुढं. तिचे वडील पुण्यात वॉचमन होते, आई शिवम्मा दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. शुभांगी कमी बोलायची आणि हट्टी होती. कोंडीरामनं तिला पहिला महिना मला हातच लावू दिला नाही. फक्त ऐकायला सांगितलं. तो डोळे मिटून विचारायचा, "आता काय झालं?" आणि ती डोळे मिटून सांगायची, "टूल बोथट झालं, मामा." मग एक दिवस त्यानं हँडल तिच्या हातात दिलं.

माझ्या झिजलेल्या स्क्रूवर तिनंच तोड काढली. टूल हवं त्यापुढं गेलं, तर नुसतं थोडं मागं आणायचं नाही. चांगला अर्धा फेरा मागं न्यायचं आणि पुन्हा पुढं येऊन खुणेवर थांबायचं. म्हणजे ढिलाई निघून जाते. हे कोंडीरामला ठाऊक होतंच. पण त्यानं ते सांगितलं नव्हतं. तिनं शोधून काढलं तेव्हा तो नुसता हसला.

एकदा बाईंनी पवनचक्कीवर काम करणाऱ्या एका ताईला बोलावलं. निळा गणवेश, पायात जाड बूट. ती रोज ऐंशी मीटर उंच चढते म्हटल्यावर सगळा वर्ग खिडकीकडं वळला. शुभांगीनं विचारलं की आतला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, कोण बनवतं. ताईनं सांगितलं, पुष्कळदा बाहेरून येतो, आणि ते शिकायचं तर दहावीनंतर यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा आहे, धाराशिवलाही होतो. शुभांगीनं घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं विषय बदलला.

विषय बदलण्याचं कारण होतं शंभुलिंग. ते शुभांगीचे थोरले चुलते आणि शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. भूकंपानंतर शाळेची इमारत उभी राहावी म्हणून त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. पण पोरीनं गावातच अकरावी आर्ट्सला नाव घालावं, घरचं बघत शिकावं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. हॉस्टेल, मशीन, तेलकट हात, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं.

त्यात फेब्रुवारीत एक प्रकार घडला. लोखंड सोलताना गरम कीस उडतो. आठवीतल्या एका मुलीच्या मनगटावर तो पडला आणि चामडी भाजली. फोड लहान होता, पण भाजली हे खरं, आणि ती माझ्यासमोर भाजली. मी ते नाकारणार नाही. नीरजाबाईंनी त्याच आठवड्यात माझ्यापुढं बसवायला जाड पारदर्शक पत्रा आणि प्रत्येकीला चष्मा आणला. पण तोवर शंभुलिंगांनी खोलीला कुलूप घातलं होतं. समितीनं ठराव केला की मोडक्या बाकांबरोबर लेथही भंगारात द्यावा आणि खोली पोषण आहाराच्या धान्याला घ्यावी. बाईंनी विरोध लिहून दिला. तो फायलीतच पडून राहिला.

कोंडीराम शंभुलिंगांच्या घरी गेला. त्यानं एवढंच मागितलं की मशीन खरंच भंगार आहे का, हे एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. ज्याचं होतं त्यालाच विचारा. शंभुलिंग कबूल झाले. शिवकुमारनंच तर मला टाकून दिलं होतं. तो काय सांगणार, याची त्यांना खात्री होती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कुलूप उघडलं. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. आत शंभुलिंग, समितीतले दोघे, मुख्याध्यापक, नीरजाबाई आणि कोंडीराम होते. दाराशी मुली आणि काही आईबाप जमले होते. शिवम्माही डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. शिवकुमार आला. त्यानं माझ्या बेडवरून बोट फिरवलं, हँडल उलटसुलट हलवून पाहिलं. आपल्या वडिलांच्या मशीनवर हात ठेवताना तो क्षणभर थांबला, ते मला जाणवलं. पण बोलला तो धंद्याचं.

"आडवा स्क्रू गेलाय. यावर नेमकं काम होणार नाही."

शंभुलिंगांनी भंगारवाल्याला हात केला. तेवढ्यात शुभांगी पुढं आली.

"स्क्रू झिजलाय हे मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पाव फेरा झिजलाय. तुमचं काम द्या, मी करून दावते."

शंभुलिंग तिला मागं व्हायला सांगत होते, पण शिवकुमारनंच त्यांना थांबवलं. त्यानं वहीच्या पानावर बुश काढला. बाहेरचा व्यास चाळीस मिलिमीटर, आणि चूक चालेल ती फक्त दोन शतांश मिलिमीटर. मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा एक केस यापेक्षा जाड असतो.

शुभांगीनं वेणी कॉलरच्या आत खोचली, चष्मा लावला, मला सुरू केलं. बंद खोलीत इतके आठवडे पडून राहिल्यावर पहिला फेरा मारताना मी कण्हलो. मग अंगात तेल उतरलं. ती शांतपणे कापत होती. शेवटच्या कापावर मात्र मागून कुणीतरी खोकलं, तिचं बोट दचकलं आणि हँडल खुणेच्या पुढं गेलं. घाईनं तिनं ते तेवढंच मागं घेतलं. ढिलाई काढायला ती विसरली. मला कळलं, पण मी बोलू शकत नव्हतो. कोंडीरामनं आवाजावरून ओळखलं. त्याचा चेहरा पडला.

शिवकुमारनं बारीक माप घेणारा मायक्रोमीटर लावला. पाच शतांश जास्त कापलं गेलं होतं. बुश वाया गेला.

शंभुलिंगांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, मी खोटं सांगणार नाही. त्यांना पोरीची कीवच आली असावी. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की झालं तेवढं पुष्कळ झालं.

शुभांगीनं खांदा सोडवून घेतला. तिनं तो बुश चकातून काढला, टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि सांगितलं, "ही माजी चूक हाय. मशीनची न्हाय. दुसरा दांडा द्या."

दुसरा दांडा शिवकुमारनं स्वतः उचलून दिला. या वेळी तिनं कुणाकडं पाहिलं नाही. डोळे माझ्यावर आणि कान माझ्या आवाजावर. शेवटच्या कापाला ती थांबली, हँडल चांगला अर्धा फेरा मागं नेलं, श्वास सोडला आणि पुढं येऊन खुणेवर उभी राहिली. कीस एकसारखा, निळसर, लांब निघाला. कोंडीराम मान डोलवत होता, तो आमचा जुना आवाज त्याला ऐकू आला होता.

शिवकुमारनं तीन ठिकाणी मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"एक शतांश," तो म्हणाला. "बरोबर आहे. माझ्या वर्कशॉपात बटण दाबणारे चार जण आहेत, त्यांतल्या एकालाही या मशीनवर हे जमणार नाही." आणि शुभांगीला म्हणाला, "दहावी झाली की माझ्याकडं ये."

"येईन," शुभांगी म्हणाली. "पण आधी डिप्लोमा करणार. तुमच्याकडं हाय तसलं मशीन चालवायलाच न्हाय, बनवायलाबी शिकायचंय मला."

मुली हसल्या. शिवकुमारही हसला. शंभुलिंग हसले नाहीत. त्यांनी आवाज न चढवता विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण उद्या कुणाच्या हाताला काही झालं, हॉस्टेलवर काही झालं, तर जबाबदारी कोणाची. प्रश्न खोटा नव्हता. बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी भिंतीजवळून दुसरा आवाज आला.

शिवम्मा पुढं आली होती. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती, हे मला नंतर मुलींच्या बोलण्यातून कळलं. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "माज्या लेकीची जबाबदारी माजी हाय, भावजी. सही कुठं करायची तेवढं सांगा."

तिच्यासमोर नीरजाबाईंनी पालकांच्या संमतीचा कागद धरला. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. तिच्या मागून भाजलेल्या मुलीचा बाप पुढं आला. त्यानंही सही केली, पण अट घातली की तो पारदर्शक पत्रा बसवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. अट रास्त होती. बाईंनी ती लिहून घेतली. शंभुलिंगांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. भंगारवाल्यानं मोडके बाक तेवढे भरले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. शुभांगी धाराशिवला डिप्लोम्याला गेली आणि पहिल्याच सत्रात गणितात नापास झाली. तिनं ते पुन्हा दिलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. कोंडीरामच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला तो टाळाटाळ करतो. आणि गेल्या जूनमध्ये नीरजाबाईंची बदली झाली. त्या निघाल्या त्या दिवशी खोलीला पुन्हा कुलूप लागलं. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी साडेचारला दाराबाहेर दप्तरं टेकल्याचा आवाज आला. पोरं व्हरांड्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही बसली. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी निवेदन दिलं नाही. सहा वाजेपर्यंत बसायची आणि घरी जायची. सतराव्या दिवशी गणिताच्या गौरीशंकर सरांनी किल्ली आणली. मला मशीनमधलं काही कळत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. आठवीतल्या मुलींनी त्यांना सांगितलं की सर, तुम्ही नुसते बसा, आम्ही शिकवतो.

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती नको आहे. मला आठवड्याला तेल घाला. कीस ब्रशनं झाडा, हातानं नव्हे. चक आवळायची चावी चकात विसरू नका. एवढं केलंत तर मी तुमच्यापेक्षा जास्त जगेन.

आणि तुमच्या शाळेत एखादी पेटी असेल, एखादी दुर्बीण, एखादा संगणक, जो फक्त तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायला बाहेर निघतो, तर तो मागा. मोडेल म्हणाले, तर सांगा की मोडला तर दुरुस्त करायला शिकू. मुलींचं काम नाही म्हणाले, तर त्यांना या खोलीत पाठवा.

आज बुधवार आहे. साडेचार वाजायला आले आहेत. आठ मुली आणि सहा मुलगे यायचे आहेत, आणि पहिली पाळी कुणाची यावरून व्हरांड्यात भांडण जुंपलेलं मला ऐकू येतंय. भांडू द्या. मी इथंच आहे, आणि इथून हलणार नाही.